सेकंद सरांचा कच्चा कागद

सेकंद सरांच्या गळ्यात माळ नव्हती, ताईत नव्हता, स्टॉपवॉच होतं. काळ्या नाड्यात ओवलेलं आणि शर्टाच्या आत, थेट छातीला लागून. मानसशास्त्र विभागाची म्हणून जी काही चीजवस्तू कॉलेजात होती, तीत मोलाची अशी ही एकच. ती पोरांच्या हाती लागली तर सरळ शंकरपटात जाईल आणि बैलजोड्यांच्या धावा मोजायला लागेल, अशी सरांना पक्की शंका होती. शंका खोटीही नव्हती. आमच्या आधीच्या वर्षी ते घड्याळ एकदा पटावर जाऊन आलं होतं आणि सरांना ते जोडी हाकणाऱ्या एका धुरकऱ्याच्या मुठीतून सोडवून आणावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांनी ते गळ्यात घातलं आणि पोरांनी त्यांचं बारसं करून टाकलं.

आमचं कॉलेज जिथे होतं त्या तालुक्याच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे कॉलेज एकच होतं. महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनात वर्ग भरत. प्रयोगशाळा म्हणजे सरकीचं जुनं गोदाम, भिंतींच्या फटींतून अजून कापसाचे पुंजके निघत आणि पावसाळ्यात खोलीभर तेलकट वास सुटे. सामान म्हणावं तर गावच्या सुताराने केलेली लाकडी भुलभुलैय्याची पाटी, आरशात बघून चांदणी गिरवायचा एक खोका, डोळ्यांवर बांधायच्या दोन पट्ट्या आणि सरांच्या गळ्यातलं घड्याळ. आम्ही सारी खेड्यांवरची पोरं. मानसशास्त्र घेतलं की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं, अशी आमची समजूत. पहिल्याच दिवशी एकाने उठून तसं विचारलंही. सर म्हणाले, "मनातलं तुही माय ओळखते. ती कुठं बीए झाली हाय? आपण इथं फक्त मोजाले शिकतो."

वर्गात सर पुस्तकी मराठी बोलायला सुरुवात करत आणि दहाव्या मिनिटाला घसरून वऱ्हाडीवर येत. पोरांना ते गावाच्या नावाने हाक मारत. मी सुलतानपूरचा, म्हणून तीन वर्षं माझं नाव सुलतानपूर. "ए सुलतानपूर, खिडकी लाव बे." मुलींना मात्र नावाने, आणि पुढे बाई लावून. समाजशास्त्राला मास्तर मिळत नव्हता म्हणून तो विषयही त्यांच्याच गळ्यात होता. गावपाहणीला आम्हाला खेड्यांत धाडताना ते बजावत, "घरात किती जण, असं विचारू नका. सुना अन् विधवा मोजतच नाही लोकं. ताटं किती लागते, ते विचारा." आम्ही ताटं विचारू लागलो आणि प्रत्येक घरात एक-दोन माणसं जास्तीची निघू लागली.

त्यांचा खरा जीव होता तो कच्च्या कागदावर. शब्दसाहचर्य नावाचा एक प्रयोग असायचा. एकाने पन्नास शब्दांच्या यादीतला एकेक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा आणि मध्ये किती सेकंद गेले ते टिपायचं. शब्द देणारा तो प्रयोगकर्ता, बोलणारा तो प्रयुक्त. सगळ्या कॉलेजांत पोरं हा प्रयोग मागल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवून काढत. सर एकदा आमची जर्नलं चाळून म्हणाले, "विहीर म्हटलं की साऱ्या वऱ्हाडानं पाणीच म्हणावं काय बे? अन् तेही दोन सेकंदात?" मग त्यांनी नियम केला. प्रयोग चालू असताना जे टिपाल तो कच्चा कागद आधी माझ्याकडे द्यायचा, जर्नल मागून. "काय दिसलं ते लिहा. काय दिसाले पाहिजे होतं, ते पुस्तकात लिहिलेलंच हाय." हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की आम्ही त्यांची नक्कल करताना सुरुवात तिथूनच करायचो. ते कागद सर घरी नेत, एकेक वाचत आणि पत्र्याच्या एका पेटीत वर्षावर्षाचे गठ्ठे बांधून ठेवत.

त्या कागदांत ते काय बघतात हे मला स्वतःवरून कळलं. पहिल्या वर्षी माझा प्रयोग झाला तेव्हा 'भाकर' या शब्दाला मी सहा सेकंद अडलो होतो. मी गावाहून आणलेलं पीठ महिनाभर पुरवायचो, म्हणजे एक वेळच खायचो, आणि ही गोष्ट मी देवालासुद्धा सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. कागदाचं नाव काढलं नाही. म्हणाले, "सुलतानपूर, माह्या घरी दुपारची काकू एकटीच जेवते. एकटीले जेवण जात नाही म्हणते. तू येत जाशीन काय?" मी तीन वर्षं त्या घरी दुपारचा जेवलो. काकूंना एकटीने उत्तम जेवण जात होतं, हे मला आठवड्यातच कळलं. असे आणखीही काही जण होते. कोणाला अचानक वाचनालयात काम मिळे, कोणाच्या घरी सर सहज म्हणून जाऊन येत. पोरांत कुजबुज होती की सेकंद सर कागद वाचतात आणि मग विचारतात. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि ते कमललाही ठाऊक होतं.

दर वर्षी पहिल्या प्रयोगाला सर स्वतः प्रयुक्त म्हणून बसत. पोरं यादीत आपले शब्द घुसडत. एकदा कोणीतरी 'प्राचार्य' म्हटलं आणि सर अर्ध्या सेकंदात "बैल" म्हणून गेले. वर्ग हसून लोळला. सर लाल झाले, पण कागद पुढे करून म्हणाले, "लिहा. दिसलं ना? मंग लिहा." तो कागदही पेटीत गेला. प्राचार्यांना कळलं असतं तर नोकरीचं कठीण होतं, पण खोडायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता कमलचं सांगतो. इतका वेळ मी हे टाळत होतो हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेलच.

मानसशास्त्राला दोन मुली होत्या. एकीचं लग्न ठरलं आणि ती आली तशी गेली, मग कमल एकटी राहिली. लोणारच्या अलीकडे तिच्या वडिलांचा भाजीचा मळा होता. गावात आत्याकडे राहून ती शिकत होती. अबोल म्हणावी अशी, पण अक्षर इतकं मोत्यासारखं की सर तिची जर्नलं दुसऱ्यांना दाखवायचे. तिची मोठी बहीण विमल आदल्या वर्षी सासरी विहिरीत पडून गेली होती. पाय घसरला, असं सगळे म्हणत. मागे वर्षाचं पोर होतं. बहिणीच्या बाळंतपणाला आणि नंतरही कमल त्या घरी पाच-सहा महिने राहून आली होती, त्यात तिचं एक वर्ष बुडालं. एवढंच आम्हाला माहीत होतं.

हिवाळ्यात एकदा समाजशास्त्राच्या तासाला सर विवाहाचे प्रकार शिकवत होते. मृत पत्नीच्या बहिणीशी विवाह, त्याचे फायदे. दोन कुळांचा संबंध टिकतो, अपत्यांचं संगोपन होतं, एक, दोन, तीन. आम्ही खाली मान घालून उतरवत होतो. आमच्याकडे ही चाल घरोघर होती, त्यात शिकवण्यासारखं काय, असंच वाटत होतं. तेवढ्यात कमल उभी राहिली. दोन वर्षांत ती आपणहून उभी राहिलेली मी तेव्हाच पाहिली. म्हणाली, "सर, त्या पोरीले विचारतेत, असं कुठं लिहिलं हाय काय?"

कोणीतरी मागे खुसखुसलं. सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तकाची दोन पानं मागेपुढे केली आणि मग पुस्तक मिटलं. "नाही लिहिलं, कमलबाई," ते म्हणाले. "याचं उत्तर मले असं उभ्या उभ्या देता येत नाही. सोमवारी देतो."

सोमवारी सर आलेच नाहीत. त्यांना मुदतीचा ताप भरला होता. महिनाभर ते अंथरुणाला होते. परीक्षा तोंडावर, नागपूरहून परीक्षक येणार, प्रयोग तर उरकायलाच हवेत. सरांनी निरोप धाडला की जोड्या लावून आपापले प्रयोग करा, कच्चे कागद सुलतानपूरने गोळा करावेत. स्टॉपवॉच काकूंनी माझ्या हातात दिलं. मी ते सरांसारखंच गळ्यात घातलं आणि दोन दिवस मिरवलं. कमलची जोडीदारीण गेली होती, म्हणून तिचा प्रयोगकर्ता मी झालो.

गोदामात आठ-दहा जोड्या बसल्या होत्या, शिपाई दारात तंबाखू मळत होता. मी यादी वाचत होतो आणि कमल खाली बघून उत्तरं देत होती. झाड, पान. रस्ता, गाव. दिवा, वात. सगळं दोन-अडीच सेकंदांत. मग मी म्हटलं, विहीर.

ती काही बोलली नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. शेजारच्या जोडीने वळून पाहिलं. कमलने ओढणी घ्यावी तसा पदर दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, खाली नाही. एकोणीस सेकंदांनी ती म्हणाली, "ताई."

मी लिहिलं. पुढचे शब्दही घेतले. आटोपल्यावर बाकीचे उठून जाऊ लागले, तरी ती बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "हे कच्चे कागद सर सोताच वाचतेत ना?"

आता ऐका मी काय केलं ते. मला वाटलं, पोरगी शरमली. बहिणीच्या आठवणीने वाचा बसली आणि आता ते सर वाचतील, चार लोकांत होईल, म्हणून घाबरली. माझ्यातला शहाणा माणूस जागा झाला. मी म्हटलं, "वाचतात. पण तुम्ही काळजी करू नका. मी हे पान बदलून टाकतो. कोणालाच कळणार नाही."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि वह्या उचलून गेली.

तिच्या त्या 'बरं'मध्ये काही होतं असं आज मला वाटतं, पण तेव्हा मी आपल्याच सज्जनपणावर खूश होतो. शिवाय दुसरीही एक सोय झाली. आलेखाच्या कागदावर दहा सेकंदांपर्यंतच चौकोन मावत होते, एकोणिसाचा ठिपका कागदाबाहेर जात होता. परीक्षकाला काय दाखवायचं? मी नवा कागद घेतला, सगळे आकडे उतरवले आणि त्या जागी लिहिलं, विहीर, पाणी, दोन सेकंद. जुना फाडून गोदामाच्या मागे टाकला. आलेख सुरेख आला.

सर परत आले ते निम्मे होऊन. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. परीक्षेला आठ दिवस उरले होते. त्यांनी माझ्याकडून गठ्ठा घेतला, कागदांवर सह्या केल्या आणि बांधून पेटीत टाकला. सोमवारचं उत्तर तापात वाहून गेलं होतं. कमल शेवटचा आठवडाभर रोज यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि तास संपल्यावर वह्या आवरायला उगीच वेळ लावायची. सर तिला काहीच बोलले नाहीत. बोलण्यासारखं त्यांच्या हाती काही नव्हतं, ते मी ठेवलंच नव्हतं.

वैशाखात तिचं लग्न झालं, विमलच्याच घरी, विमलच्याच नवऱ्याशी. पोराला मावशीच आई मिळाली म्हणून दोन्हीकडचे लोक समाधानात होते. आम्ही वर्गातली चार पोरं जेवून आलो. दिवाळीच्या आधी बातमी आली की कमल विहिरीत पडली. त्याच विहिरीत. पंचनाम्यात लिहिलं होतं, पाय घसरून.

बातमी सांगायला मीच सरांकडे गेलो. ते जेवत होते. हात तसाच ताटात ठेवून म्हणाले, "माहा सोमवार राहून गेला बे." मग हात न धुताच उठले आणि पलंगाखालून पेटी ओढली. गठ्ठा सोडला. खरकट्या बोटांनी कागद उलटत गेले. कमलचा कागद सापडला तेव्हा तो त्यांनी खिडकीशी नेऊन वाचला. एकदा, मग पुन्हा.

"विहीर म्हटल्यावर हिनं पाणी म्हटलं?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातात काकूंनी दिलेलं पाण्याचं तांब्याभांडं होतं. मी म्हणालो, "हो सर."

"दोन सेकंदात?"

"हो सर."

मी हे खोटं का बोललो याची कारणं मी पुढे पुष्कळ शोधली. अंतिम वर्ष होतं, सरांच्या शिफारशीवर नोकरी अवलंबून होती, काकू समोर उभ्या होत्या. त्यातलं एकही कारण त्या 'हो सर'ला पुरत नाही. मी भ्यालो होतो, एवढंच खरं आहे.

आठ दिवसांनी सर मला म्हणाले, चल. लोणारच्या एसटीने निघून आम्ही फाट्यावर उतरलो आणि मळ्यापर्यंत चालत गेलो. वांग्यांची तोडणी चालू होती. कमलचे वडील बांधावर आले, धोतराला हात पुसले आणि आम्हाला खोपीपुढे बाजेवर बसवलं. माणूस साधा होता. दोन पोरी गेल्यावर माणसाने रडावं तसा तो रडत नव्हता, नुसता बोलत होता. पाऊस, वांगी, मग म्हणाला, "पोरगं पुन्हा उघडं पडलं, मास्तर. त्यांचा सांगावा आला हाय. शोभीसाठी. दोन वर्षं थांबतो म्हणतेत."

शोभा म्हणजे तिसरी. तेरा-चौदा वर्षांची असेल. ती आमच्यासाठी पाणी घेऊन आली होती आणि तशीच उभी राहिली होती.

सर म्हणाले, "देऊ नका."

"काऊन?" वडील म्हणाले. "नशिबात होतं ते झालं. त्या मानसाचा काय दोष?"

तेव्हा सरांनी खिशातून कागद काढला. माझा कागद. माझ्या अक्षरातला, पाणी आणि दोन सेकंदांचा. तो त्यांनी गुडघ्यावर पसरला आणि वडिलांना म्हणाले, "हा कॉलेजातला कागद हाय. लग्नाच्या आधीचा. आम्ही एकेक शब्द बोलतो अन् पोरं त्याचं उत्तर देतेत. विहीर म्हटल्यावर तुमच्या कमलची वाचा बसली होती. लय वेळ. इथं लिहिलं हाय. त्या घरात काय झालं ते तिनं डोळ्यानं पाह्यलं होतं, दादा. तिले माहीत होतं."

आयुष्यभर 'दिसलं तेच लिहा' म्हणणारा माणूस कागदावर नसलेलं वाचून दाखवत होता. आणि ते खरं होतं. तिथे ते खरं आहे हे मला एकट्याला ठाऊक होतं.

वडिलांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला आणि पोरीला हाक मारली. "शोभे, तू सातवीत हायेस ना? वाच बरं काय लिहिलं हाय ते."

सरांचा हात कागदाकडे अर्धा गेला आणि थांबला. शोभाने तांब्या खाली ठेवला, कागद घेतला. तिची नजर एकेका ओळीवरून खाली सरकताना मी पाहिली. एका जागी ती थांबली. तिने मान वर करून सरांकडे पाहिलं, मग वडिलांकडे. म्हणाली, "मास्तर म्हणतेत तसंच लिहिलं हाय, बाबा."

वडील तोंडात पागोट्याचं टोक घालून तिथेच मातीत बसले. त्या दिवशी ते पहिल्यांदा रडले असावेत. शोभाला त्या घरी दिलं नाही, आणि दुसरीकडेही बरीच वर्षं दिलं नाही. ती पुढे नर्स झाली, असं मी ऐकलं.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. फाटा मागे पडल्यावर म्हणाले, "कागदावर नव्हतं ते मी वाचलं, सुलतानपूर. चांगल्यासाठी असन, पण वाचलं. आता मी कोणत्या तोंडानं पोराईले सांगू, दिसलं ते लिहा म्हणून?" त्या एका प्रवासात, फाटा ते कॉलेज दीड तासात, मी त्यांना सोडवू शकत होतो. सर, तुम्ही खोटं नाही बोललात, एवढंच म्हणायचं होतं. मी खिडकीबाहेरची ज्वारी बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्टॉपवॉच कार्यालयात जमा केलं. वर्षअखेरीस त्यांनी कॉलेज सोडलं आणि मूळ गावाकडे हायस्कुलात भूगोल शिकवायला गेले. लोक म्हणाले, प्राचार्यांशी बिनसलं. मी बीए झालो, बीएड झालो, त्यांच्या जुन्या शिफारसपत्रावर मला नोकरीही लागली. मास्तर म्हणून मी फार वाईट नव्हतो. पोरांच्या वह्या तपासताना खाडाखोड दिसली की मात्र माझा हात थांबायचा, हे माझ्या एकाही विद्यार्थ्याला कधी कळलं नसेल.

सर मला पुन्हा भेटले ते वीस-बावीस वर्षांनी, शेगावच्या स्टेशनावर. भर दुपार होती. दर्शन करून लोक गाडीची वाट बघत होते. बाकावर एक वाळलेला म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, शर्टाचं वरचं बटण उघडं. गळ्यात काही नव्हतं, तरी हात सारखा तिथे जात होता. मी पाया पडलो. त्यांनी डोळे बारीक केले. "सुलतानपूर काय बे?"

काकू गेल्या होत्या. सर मुलाकडे अकोल्याला निघाले होते. गाडीला पाऊण तास होता. इकडचं तिकडचं झालं आणि मग मी सांगून टाकलं. सगळं. एकोणीस सेकंद, ताई, तिने विचारलेला प्रश्न, मी बदललेलं पान, तांब्याभांडं हातात घेऊन म्हटलेलं 'हो सर'.

ते ऐकत होते. माझं संपल्यावर जुन्या सवयीने मी मनात मोजू लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं.

"म्हंजे मी खोटं नव्हतो बोललो," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मला वाटलं, आता ते माझ्या पाठीवर हात ठेवतील. त्यांचा हात उचललाही गेला. पण तो मध्येच थांबला, कारण माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत जे आलं नव्हतं ते त्यांच्या डोक्यात आलं.

"तिनं तुले इचारलं, सर वाचतेत काय. तू म्हणला, वाचतात. अन् मंग म्हणला, पान बदलतो." ते थांबून थांबून बोलत होते. "तुह्या त्या बोलण्यावर तिचा भरोसा बसला असन काय बे? तिले वाटलं असन, नाही बदलणार हा, सरांचा घरचा हाय. आठ दिवस ती पहिल्या बाकावर बसली. म्हंजे तिच्या हिशेबी मी वाचलं होतं. वाचलं, अन् गप बसलो."

गाडी आली. मी पिशवी उचलायला गेलो, ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. पायरीवर उभे राहून त्यांनी विचारलं, "तो कागद कुठं हाय?"

"फाडला, सर."

"मंग दुसरा लिहून ठेव. काय दिसलं ते."

ते आत गेले आणि पलीकडच्या खिडकीशी बसले, माझ्याकडे पाठ करून. पुढल्या वर्षी ते गेल्याचं कळलं. तेव्हापासून मी लिहितो म्हणतो आणि प्रत्येक वेळी कुठलं तरी वाक्य सुबक करतो आणि फाडतो. हा कागद फाडायचा नाही असं ठरवून बसलो आहे. प्रयुक्त, कमल. शब्द, विहीर. उत्तर, ताई. वेळ, एकोणीस सेकंद. प्रयोगकर्ता, मी.